हिरव्या दिव्याची विचारपूस

"हिरवा आहे रे. आत्ताच बघून आले," आक्का फोनवर सांगत होती. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. तिनं हात लांब करून फोन दूर धरला, तोंडावर पदर दाबला, आणि उबळ ओसरल्यावर पुन्हा कानाला लावून म्हणाली, "हो, यंत्राचं पाणीही ओतलं. तू जेवलास का?"

पलीकडून फोन केव्हाच ठेवला गेला होता. ती आपली बंद फोनला जेवणाचं विचारत बसली होती.

मी दारात उभी होते. छत्रीचं पाणी पायांवर गळत होतं, पिशवीतले कपडे भिजून जड झाले होते, आणि माझी सख्खी थोरली बहीण मला 'आत ये' म्हणायच्या आधी म्हणाली, "वच्छी, देवूचा फोन होता गं. रोज करतो. एक दिवस चुकत नाही."

"काय म्हणतो?"

"दिवा हिरवा आहे ना, विचारत होता."

हा देवू म्हणजे आक्काचा एकुलता एक मुलगा देवदत्त. लोकांना फ्लॅट विकता विकता पुण्यात मोठा झाला. इतका मोठा झाला, की त्याला दोन माणसांची गाडी घ्यावीशी वाटली. परदेशातली, पिवळीजर्द, जमिनीला पोट टेकलेली. आत बसायचं तर आधी डोकं घालायचं, मग पाय, आणि उतरायचं तर कुणीतरी हाताला धरून ओढायचं. मागे बसायला जागा नाही, सामान ठेवायला जागा नाही. म्हणजे आई बसणार नाही आणि आईची वळकटीही बसणार नाही, याची सोय कारखान्यातच करून ठेवलेली.

ही महाराणी पावसात बाहेर पडायची नाही. पहिला शिंतोडा पडायच्या आत तिला पाचगणीच्या बंगल्यात आणून ठेवायची, ती खंडेनवमीला बाहेर काढायची. पुण्यात सोसायटीच्या तळघरात पाणी शिरतं म्हणे. म्हणून गाडी कुठे आणून ठेवली, तर जिथं माणसं भिंतींना गवताच्या ताट्या बांधून पाऊस थोपवतात तिथं. आणि तिच्या राखणीला आक्काला आणून ठेवलं. साताऱ्याची जागा बंद करायला लावली आणि चारचौघांत सांगितलं, "आईला पाचगणीची हवा मानवेल." हवा मानवते ती थंडीत. आषाढात त्या हवेत चपलांवर बुरशी चढते, मग माणसाच्या छातीचं काय घेऊन बसलात.

त्या रात्री मी आक्काच्या खोलीत झोपले. झोपले कसली, पडले. गादी ओलसर, उशी ओलसर, भिंतीला हात लावला तर बोटं ओली. आक्का उशा रचून बसल्या बसल्या झोपायची, कारण आडवं झालं की तिच्या छातीत भांडं खरवडल्यासारखा आवाज यायचा.

"तू माझ्याकडे वाईला चल," मी म्हटलं. "घाट उतरला की झालं. कोरडं घर आहे, मी एकटीच आहे. शाळेतली नोकरी सुटल्यापासून मला तरी काय उद्योग आहे? दोघी मिळून वाती वळू."

"आणि इथं कोण बघेल?"

"कुणाला?"

"अगं, गाडीला."

नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. सकाळी मात्र तो मोती नीट बघायला गॅरेजमध्ये गेले, आणि खरं सांगते, दार उघडल्यावर माझ्या अंगावर काटाच आला. अख्ख्या बंगल्यात कोरडी अशी ती एकच खोली होती. भिंती खडखडीत, फरशी कोरडी. कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र घूं घूं करत होतं. त्याची बादली भरली की आक्का ती उचलून बाहेर नेऊन ओतायची. ज्या बाईच्या छातीत दमटपणा साचलाय, ती बाई गाडीच्या खोलीतला दमटपणा बादलीनं उपसत होती.

मधोमध गाडी. अंगावर खास कव्हर, आतून फ्लॅनेलसारखं मऊ. धुराड्याच्या तोंडात उंदीर शिरू नये म्हणून कापडाचे बोळे. टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून अधूनमधून ती वीतभर पुढेमागे ढकलायची. ते काम मोलकरीण फुलाबाई आणि तिचा नवरा करायचे, आणि आक्का शेजारी उभी राहून 'हळू रे, हळू' म्हणायची. पुढच्या झाकणाखालून एक वायर बाहेर येत होती. ती एका डबीएवढ्या चार्जरला जोडलेली आणि त्या चार्जरवर तो दिवा. हिरवा म्हणजे बॅटरी भरलेली, तांबडा म्हणजे उतरलेली.

"उभ्या गाडीचीसुद्धा बॅटरी उतरते गं," आक्का मला समजावून सांगत होती. "आत घड्याळ असतं, कुलपं विजेवर असतात. ती थेंब थेंब पीत राहतात. म्हणून हे सतत जोडून ठेवायचं. वीज गेली तरी हे इन्व्हर्टरवर चालतं."

"बंगल्याला इन्व्हर्टर आहे?"

"बंगल्याला नाही. गॅरेजला आहे."

जळ्ळं मेलं ते लक्षण. पावसात पाचगणीची वीज गेली की परत यायचं नाव घेत नाही. आक्का मेणबत्तीच्या उजेडात खिचडी शिजवणार आणि उभी गाडी विजेवर ऐश करणार.

आठवड्याभरात आक्काला इतका त्रास झाला, की बाजारातल्या डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. त्यांनी छाती तपासली, भिंतीला हात लावला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "यांना या खोलीत ठेवू नका. पाऊस संपेपर्यंत कोरड्या जागी हलवा. आणि औषधाची वाफ द्या, दिवसातून तीन-चार वेळा. खंड पडू देऊ नका, नाहीतर पुढचा पावसाळा बघायचा नाही." वाफेचं मशीन त्यांनीच मिळवून दिलं. तोंडावर मुखवटा लावायचा, नळी मशीनला जोडायची आणि श्वास घ्यायचा.

मी पुन्हा म्हटलं, वाईला चल. आक्का नाही म्हणाली. तिच्या नाहीला लहानपणापासून मी ओळखते. मऊ असते, पण हलत नाही. मग मीच देवदत्तला फोन लावला.

"देवू, आईला कोरडी जागा हवी आहे. डॉक्टर म्हणतात. मी तिची कॉट गॅरेजमध्ये हलवते."

"मावशी, गॅरेजमध्ये नको हं," तो अगदी गोड आवाजात म्हणाला. फ्लॅट विकतानाही असाच बोलत असणार. "तिथली ह्युमिडिटी मी मुद्दाम सेट केलीय. आत माणूस झोपला ना, की त्याच्या श्वासानं दमटपणा वाढतो. लेदरला बुरशी येते."

"श्वासानं?"

"हो ना. रात्रभर श्वास चालू असतो."

"बघ बाबा," मी म्हटलं, "तुझ्या आईचा रात्रभर चालू असतो का नाही, ते मी तुला कळवीन."

तो हसला. त्याला वाटलं, मावशी थट्टा करते आहे. मग म्हणाला, आईला हवापालट म्हणून दिवाळीत कुठंतरी नेऊया, आणि फोन ठेवला.

मी फुलाबाईला हाक मारली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं कॉट उचलली आणि गाडीच्या उजव्या अंगाला नेऊन ठेवली. आक्का मागून येत होती आणि 'देवू रागावेल गं' म्हणत होती.

"आक्कासायेब," फुलाबाई म्हणाली, "रागावाय हितं यावं लागंल की. आलंच तर रागवूद्यात."

त्या रात्री आक्का आडवी झोपली. किती दिवसांनी कोण जाणे. पहाटे तिला थंडी वाजली, तेव्हा मी गाडीवरचं ते कव्हर ओढून काढलं, घडी घालून दुहेरी केलं आणि तिच्या अंगावर घातलं. सकाळी तिनं ते हातानं कुरवाळलं. "मऊ आहे गं," म्हणाली. "यात किती सुखात असते ही."

मग गौरी-गणपतीच्या आधी पावसानं जोर धरला आणि वीज गेली ती गेली. वाफ द्यायची वेळ झाली. इन्व्हर्टरला जोडलेला पॉइंट एकच, तिथं चार्जर. मी चार्जर उपटला आणि आक्काचं मशीन लावलं. मशीनवरही एक दिवा होता, इवलासा, हिरवाच.

"वाफ झाली की त्याचं परत लाव हं," आक्का मुखवट्यातून म्हणाली.

"लावते," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी लावलंही. दुसऱ्या दिवशी विसरले. तिसऱ्या दिवशी आठवण होती, पण हात पुढे होईना. मनात म्हटलं, कशाला? सारखं काढा, घाला, काढा, घाला. माझ्या बहिणीची उठबस करायला मी आले आहे, या पिवळ्या म्हशीची नाही. मग वीज आली तरी मी तो चार्जर लावला नाही. गुंडाळून खिडकीत ठेवून दिला. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दिवेलागणीला फोन यायचा. आक्का आधीपासून हातात फोन घेऊन बसलेली असायची, केस नीट केलेले, जणू पलीकडून तो बघणार आहे.

"हो रे, हिरवा आहे," ती मशीनकडे बघून सांगायची.

मी तोंडाला पदर लावून हसायचे. मला वाटायचं, बाईला कळतच नाहीये, कुठला दिवा कशाचा. म्हटलं, बरंच आहे. न कळणंच सुखाचं. फक्त एका गोष्टीनं माझं डोकं भणभणायचं. एवढ्या फोनांत एकदाही, अगदी चुकूनही, त्या पोरानं 'आई, खोकला कसा आहे' असं विचारलं नाही. आक्का स्वतःहून सांगू लागायची, "आज जरा बरं वाटतंय..." की पलीकडे फोन बंद. तरी ती मला म्हणायची, "कामं असतात गं त्याला. पण फोन चुकवत नाही."

माणूस उपाशी असला की शिळ्या तुकड्यालाही पक्वान्न म्हणतो.

भाद्रपद सरता सरता आक्काचा चेहरा उजळला. छातीतला आवाज बसला. गॅरेजमध्ये आमचा संसारच थाटला होता. गाडीच्या एका आरशापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून मी आक्काच्या साड्या वाळत घालायचे. गाडीच्या टपावर सुपात वाती. ती गाडी पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होती.

खंडेनवमीला तो आला.

येणार हे ठाऊक होतं, कारण त्या दिवशी गाडीची पूजा करून ती बाहेर काढायचा त्याचा दरवर्षीचा थाट. बरोबर दोघं मित्र, तसल्याच गाड्या पाळणारे. डोक्याला टोप्या, डोळ्यांना काळे चष्मे, आणि बाहेर ढग इतके भरून आलेले की दुपारीच अंधारलं होतं. देवदत्तच्या हातात झेंडूचा हार. परतीच्या पावसानं सकाळपासून वीज घालवली होती, त्यामुळे आक्का मुखवटा लावून कॉटवर बसली होती, अंगावर ते कव्हर.

गॅरेजचं दार वर गेलं. तिघं दारात उभे, आम्ही दोघी आत.

आक्काचे डोळे चमकले. तिनं हात पुढे केला.

"कव्हर का काढलं?" देवदत्त म्हणाला.

मी शपथेवर सांगते, तो हेच म्हणाला. मग त्यानं वाळत घातलेल्या साड्या बघितल्या, टपावरचं सूप बघितलं. हार तिथंच जमिनीवर ठेवला आणि खिशातून किल्ली काढून दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. गाडीजवळ नेऊन दाबली. दार उघडेना, दिवा लागेना, काही नाही. एरवी किल्ली दाबली की ती गाडी डोळे उघडायची म्हणे. आता ढिम्म.

"चार्जर कुठाय?" तो ओरडला. "आई, तू रोज सांगत होतीस दिवा हिरवा आहे म्हणून. रोज सांगत होतीस."

आक्कानं मुखवटा न काढताच मान डोलावली आणि बोटानं दाखवलं. आपलं मशीन. त्यावरचा इवलासा हिरवा दिवा.

तो बघत राहिला. मग त्याला खिडकीतला चार्जर दिसला. तो घेऊन ताडताड गेला, गाडीची वायर त्याला जोडली, खाली वाकला, मशीनची पिन खेचून काढली आणि चार्जरची खुपसली.

मशीन बंद पडलं. मुखवट्यातली वाफ थांबली. आक्का तशीच बसून राहिली, तोंडावर रिकामा मुखवटा, डोळे पोराच्या पाठीवर. तो गुडघ्यावर बसून चार्जरकडे बघत होता. दिवा तांबडा लुकलुकला आणि विझला. बॅटरी पार मेली होती, चार्जर तिला ओळख द्यायला तयार नव्हता.

दोघा मित्रांतल्या एकानं, पारेख नावाच्या उंच माणसानं, डोक्यावरची टोपी काढली. पुढे आला, वाकला, चार्जर काढला आणि मशीनची पिन परत लावली.

"पारेख, दोन मिनिटं थांब ना यार," देवदत्त म्हणाला. "बघू दे मला, चार्ज घेतेय का."

पारेख आक्काला नमस्कार करून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

आक्कानं शांतपणे वाफ पुरी केली. घाई केली नाही. मग मुखवटा काढला, पुसला, पिशवीत ठेवला. उठली. अंगावरचं कव्हर काढून त्याची नीट चौपदरी घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि पोरापुढे धरली.

"घे. उन्हं पडली की वाळव," ती म्हणाली. "माझ्या औषधाचा वास असेल."

"आई, तू गैरसमज करून घेऊ नकोस. मी रोज फोन करत होतो की नाही?"

"करत होतास," आक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "वच्छी, दोरीवरच्या माझ्या साड्या काढ. वाईची गाडी किती वाजता आहे?"

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. घाट उतरेपर्यंत ती बाहेर बघत होती. मनातून मात्र मी देवदत्तला असं काही हासडत होते, की शेजारच्या बाईनं दोनदा वळून बघितलं. ओठ हलत असणार माझे.

वाईला आल्यावर पहिल्या संध्याकाळी आक्कानं केस नीट केले. खुर्ची खिडकीशी ओढली, तिथं रेंज चांगली येते म्हणून. फोन मांडीवर ठेवला. मी देवापाशी दिवा लावला, तुळशीपाशी लावला. फोन वाजला नाही.

"गाडीच्या गडबडीत असेल," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पारेखचा आला. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. काकूंची तब्येत कशी आहे, विचारत होता. गाडी ट्रकवर घालून पुण्याला नेली, तिकडे गाड्या सांभाळणारी एक जागा आहे, तिथं ठेवली, तेही त्यानंच सांगितलं. मी आक्काला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी तिनं खुर्ची खिडकीशी ओढली नाही. फोन कपाटात ठेवला आणि माझ्यासमोर बसून गवार मोडायला घेतली.

मला राहवलं नाही. "मेल्याला आता फोन करायला काय धाड भरली?" मी म्हटलं.

"विचारणार तरी काय गं तो?" आक्का म्हणाली. "गाडी तर तिकडे नेली."

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "आक्का, खरं सांग. तो दिवा मशीनचा होता, गाडीचा नव्हता, हे तुला ठाऊक होतं?"

"न कळायला मी काय आंधळी आहे?"

"मग तांबडा आहे म्हणून सांगायचं नाही का त्याला? बंद आहे म्हणून सांगायचंस. दुसऱ्या दिवशी धावत आला असता."

"आला असता," आक्का म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं. म्हटलं, दिवा हिरवा असताना येतो का बघू."

तिनं शेंगेचा दोर काढून बाजूला टाकला आणि मला विचारलं, गवारीत दाण्याचं कूट घालायचं का ओलं खोबरं. मी म्हटलं, तुला हवं ते घाल.